ब्लायटी म्हणजे आपली विलायत

माहितीपटांची मराठी सबटायटल्स लिहिणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात पहिल्या महायुद्धावरची एक फिल्म हाती आली. खंदकातला इंग्रज शिपाई जखमी सोबत्याकडे बघून हेव्यानं म्हणतो, याला ब्लायटी लागली!

ब्लायटी हे इंग्रजांनी स्वतःच्या देशाला लाडानं, थट्टेनं दिलेलं नाव, आणि ते गेलंय आपल्याकडून. अरबीत ‘विलाया’ म्हणजे सुभा. फारसी-उर्दूतून त्याची विलायत झाली, आधी परमुलूख या अर्थानं आणि पुढे थेट इंग्लंडसाठी. उत्तरेत ‘व’चा ‘ब’ होऊन बिलायती झाली. गोऱ्या पलटणींनी तीच उचलली नि घोळवून घोळवून तिची ब्लायटी केली. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द देणाऱ्या १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात सोडावॉटरला ‘बिलायती पानी’ म्हटलेलं आहे.

खंदकात मात्र ब्लायटी म्हणजे जखमही. जीव जाणार नाही, पण मायदेशी धाडतील एवढी. दंडातून आरपार गेलेली गोळी, उदाहरणार्थ. माणसं अशा गोळीची आस धरून बसत.

‘घरी पाठवणारी जखम’ एवढं लिहून भागलं असतं. पण पुढचंच दृश्य इंग्लंडमधल्या ब्रायटनचं होतं. तिथला घुमटांचा राजवाडा डिसेंबर १९१४मध्ये हिंदी जखमींसाठी इस्पितळ झाला. झुंबरांखाली ओळीनं खाटा, खाटांवर फेटेवाले शिपाई. हिंदू-मुसलमानांची स्वयंपाकघरंही वेगळी. हेसुद्धा जखमी होऊन विलायतेलाच पोचलेले! पण त्यांचं घर समुद्रापार होतं, आणि बरे झालेल्यांपैकी अनेकांना परत फ्रान्सच्या आघाडीवर पाठवलं गेलं. सेन्सॉरनं उघडून वाचलेल्या त्यांच्या पत्रांतून ही तक्रार येते. ते वाचताना पोटात कालवतं.

म्हणून दोन्ही दृश्यांत मला ‘विलायत’ हवीच होती. निर्मात्यांकडचा मुलगा म्हणाला, “ताई, हा शब्द आता कोण वापरतं?” मी म्हटलं, तुझ्या आजीला विचार. बराच वेळ वाद झाला, पण शेवटी त्याला पटलं. इंग्रज शिपायाच्या तोंडी गेलं, ‘नशीब काढलं लेकानं! विलायत गाठून देणारी जखम.’ ब्रायटनच्या दृश्याखाली, ‘विलायतेत बरे झालेले अनेक हिंदी शिपाई पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर.’ ही ओळ लांब होत होती. ‘फ्रान्सच्या’ काढलं, ‘पुन्हा’ला मी हात लावू दिला नाही.