कॅसेटमधला आजीचा आवाज

आज दिवसभर जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होतो. टेपची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या खाचेला जोडली आणि ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सुरू केलं. रेकॉर्डिंगची पातळी मुद्दाम कमी ठेवली, मोठ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. शून्य ही इथली कमाल मर्यादा, तिच्या वर गेलेला आवाज कापला जातो, तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कमी असलेला नंतर वाढवता येतो. त्याबरोबर खरखरही वाढते, हे खरं. पण ती फार पुसली की आजीच्या ‘स’ची धारच जाते, म्हणून राहू दिली.

एके ठिकाणी ती अगदी हळू म्हणते, “दार लावून घे गं.” तेवढाच तुकडा निवडून १० डेसिबल वाढवला. काय स्पष्ट ऐकू आलं! मूळ फाइल वेव्हमध्येच, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारातच ठेवलीय, एमपीथ्री फक्त भावंडांना पाठवायला.