भरती-ओहोटी आणि तो दुसरा फुगवटा : माझा अनुभव

समुद्राचे पाणी कसे हलते हे एकदा मुळापासून समजून घ्यायचे ठरवून मी वाचायला बसले, तेव्हा लाटांचाच भाग अवघड जाईल असे वाटले होते. पण तो सहज सुटला. वारा पाण्याला ऊर्जा देतो, पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळात फिरतात, पुढे सरकतो तो फक्त आकार, आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर ही हालचाल जवळपास संपते.

गाडे अडले ते भरतीपाशी. चंद्र पाणी ओढतो म्हणून त्याच्या बाजूला फुगवटा येतो, इथपर्यंत सगळी पुस्तके निवांतपणे सांगतात आणि पुढे ‘विरुद्ध बाजूलाही तसाच फुगवटा येतो’ असे एक वाक्य टाकून मोकळी होतात. त्या ‘तसाच’ने मला फार छळले. ओढणारा चंद्र एकीकडे असताना पलीकडचे पाणी त्याच्यापासून दूर का जावे? जाणकारांना विचारले, तर ‘पृथ्वीच्या फिरण्यामुळे’ असे उत्तर मिळे. पण स्वतःभोवती फिरण्याने पृथ्वी विषुववृत्तावर सगळीकडे सारखीच फुगते; चंद्र कुठे आहे याच्याशी त्या फुगण्याचा काही संबंध नाही. हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने का दिले जाते, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी कोडे सुटले ते साध्या वजाबाकीने. चंद्र आपल्यापासून सरासरी 60 पृथ्वी-त्रिज्यांवर आहे. म्हणजे जवळची बाजू 59 वर आणि लांबची 61 वर. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रावरची ओढ 1 धरली, तर जवळ ती सुमारे 1.034 आणि लांब सुमारे 0.967 भरते. पृथ्वी सगळीच्या सगळी चंद्राकडे ओढली जात असते. जवळचे पाणी तिच्यापेक्षा किंचित जास्त ओढले जाते, लांबचे किंचित कमी, म्हणून ते मागे राहते. दोन्ही फरक जवळपास सारखे, म्हणून फुगवटेही दोन आणि जवळपास सारखे. ही आकडेमोड कागदावर स्वतः करावी. आकृत्या पाहत बसू नये. सूर्याचेही कोडे तिथेच सुटते : पृथ्वीवर त्याची ओढ चंद्राच्या सुमारे 180 पट असली, तरी हा फरक अंतराच्या घनाने घटत असल्यामुळे भरतीतला त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही कमी राहतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे प्रभाव एका रेषेत येतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना काटकोनात छेदतात, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती.

खरे तर सुरुवात भरतीच्या वेळापत्रकापासून करावी, हे मला उशिरा सुचले. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सरासरी 12 तास 25 मिनिटे जातात, कारण पृथ्वीची एक फेरी पुरी होईपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो आणि त्याला गाठायला तिला सुमारे 50 मिनिटे जास्त लागतात.

मात्र फुगवट्यांचे चित्र तिथवरच चालते. विषुववृत्तावर त्यांना चंद्राबरोबर राहण्यासाठी ताशी सुमारे 1600 किलोमीटर धावावे लागेल, आणि 4 किलोमीटर खोल समुद्रात एवढी लांब लाट ताशी 700 किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकते. शिवाय वाटेत खंड आडवे येतात. भरतीकडे वाहत्या लाटेसारखे पाहण्याचे गणित फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने अठराव्या शतकातच मांडले होते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी 16 मीटरपर्यंत चढते, तर मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, ती या लाटांमुळे आणि त्यांना अडवणाऱ्या किनाऱ्यांच्या आकारामुळे.