बसकी सिव्हिक घरच्या पार्किंगमध्ये चारही चाकांवरून उचलणे: कामाची नोंद

गाडी २००६ साली भारतात आलेल्या आठव्या पिढीतली होंडा सिव्हिक, १.८ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. लोअरिंग स्प्रिंग घातल्यामुळे मूळ उंचीपेक्षा खाली बसलेली. काम तीन प्रकारचं: इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि खालच्या बुशांची, म्हणजे सांध्यांतल्या रबरांची, तपासणी. जागा इमारतीखालचं पार्किंग. खड्डा नाही, लिफ्ट नाही.

नुसतं इंजिन ऑइल बदलायचं असतं तर पुढची बाजू उचलून भागलं असतं. गिअर ऑइलचं तसं नाही. त्याची पातळी भरण्याच्या भोकाच्या कडेवरून ठरते, आणि गाडी तिरकी असेल तर ती पातळी खोटी दाखवते. म्हणून गाडी चारही बाजूंनी वर हवी, आणि समतलही हवी.

मापं

हात लावण्याआधी टेपने घेतलेली मापं: पुढच्या बंपरची ओठी, म्हणजे खालची कड, जमिनीपासून १०८ मिमी. रनिंग बोर्डखालची उभी पत्र्याची पाळी, म्हणजे पिंच वेल्ड, दोन खाचांच्या मध्ये १४० मिमी. पुढच्या मध्यभागी जॅक लावायची जागा १६५ मिमी. व्हीलबेस २७०० मिमी, आणि पाळीवरची पुढची जागा पुढच्या ॲक्सलच्या सुमारे ५०० मिमी मागे.

जॅक २ टनी, लो प्रोफाइल, ८५ ते ३८० मिमी. बाजारात सहज मिळणारे ट्रॉली जॅक १३५ मिमीच्या आसपास सुरू होतात, ते इथे ओठीखाली शिरतच नाहीत. पण लो प्रोफाइल जॅकनेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. त्याचं तोंड ८५ मिमीचं असलं तरी जॅकच्याच मागच्या चाकांजवळचा सांगाडा १४० मिमी आहे. तोंड आत जातं आणि पाठ बंपरला अडते. वर दांडा हलवायला जागा उरत नाही, मग एकेका इंचाचे पंप मारावे लागतात आणि प्रत्येक पंपाला दांडा बंपरवर घासतो.

जॅक स्टँड, गॅरेजच्या भाषेत घोडी, सर्वात खालच्या दातावर, तळाच्या प्लायच्या ठोकळ्यासह २८० मिमी. त्यावर रबरी ठोकळ्याचे २० मिमी आणि घोडी आत सरकवायला १५ मिमी मोकळीक. म्हणजे पाळी ३१५ मिमीपर्यंत गेली तरच घोडी लागते. जॅकची कमाल उंची आणि घोडीची किमान उंची यांचा हा हिशेब खरेदीच्या आधी कागदावर मांडायचा. बसक्या गाडीच्या कामात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: जॅक खाली शिरतो, गाडी वर जाते आणि घोडी लागायच्या दोन बोटं आधी जॅकचा दम संपतो.

प्लायच्या पायऱ्या

पहिले ५४ मिमी हायड्रॉलिकने नाही, लाकडाने मिळवले. १८ मिमी मरीन प्लायच्या ८ बाय ४ फुटी एका शीटमध्ये चार पायऱ्या होतात. शीट २४४० बाय १२२० मिमी. त्यातून २५० मिमी रुंदीच्या चार पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीतून ८००, ६५० आणि ५०० मिमीचे तुकडे. तिन्ही एकावर एक, मागची कड जुळवून. पुढे दीड-दीडशे मिमीच्या दोन पायऱ्या पडतात, टायर त्या सहज चढतो, तिरका रंधा मारायची गरज नाही. प्रत्येक पट्टीत ४९० मिमीचा तुकडा उरतो. तो मधोमध कापला की घोडीखाली ठेवायचे ठोकळे तयार. कडेच्या उरलेल्या पट्टीतून मागच्या टोकाला ३६ मिमी उंचीचा अडसर.

चिकटवायला पाण्याने न सुटणारं मरीन फेविकॉल आणि स्क्रू तळातून. जिथे तिन्ही थर आहेत तिथे ५० मिमीचे स्क्रू, जिथे दोनच आहेत तिथे ३० मिमीचे. सगळीकडे ५० मिमीचे घातले तर दुसऱ्या पायरीवर टोकं १४ मिमी वर निघतात आणि टायर त्यांच्यावरूनच चढतो. डोकी प्लायच्या आत बसवायची.

तळाला ३ मिमी रबर शीट. सिव्हिकची पुढची चाकं ओढणारी, त्यामुळे चढताना ती पायरी मागे फेकतात. गुळगुळीत फरशीवर धूळ असेल तर हमखास. म्हणून फरशी आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची. चारही पायऱ्या चारही टायरपुढे सारख्याच अंतरावर, सरळ रेषेत ठेवल्या तर गाडी एकाच दमात चारही चाकांवर चढते. पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर, आणि बाहेर एक माणूस बघायला. तो गाडीसमोर नाही, बाजूला उभा.

चढल्यावर ओठी १६२, पाळी १९४, मधली जागा २१९ मिमी. जॅकची पाठ आता ओठीखालून जाते आणि दांड्याला पुरेसा झोका मिळतो. फक्त पुढची चाकं चढवली असती तर ओठीला जास्त उंची मिळाली असती, सुमारे ७० मिमी, पण पाळीला ४४ च. आणि घोडी पाळीखाली लागते.

जमीन

पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतोच. १ मीटरच्या सरळ पट्टीवर लेव्हल ठेवून पाहिलं: ६ मिमी. १० मिमीच्या वर उतार असेल तर त्या जागी चारही चाकं उचलू नयेत, हे आमचं ठाम मत. पेव्हर ब्लॉकवर जॅकची लोखंडी चाकं सांध्यात अडकतात. पोकळ बसवलेल्या टाइलवर घोडीचा पाय टाइल फोडून खाली जातो. नाण्याने ठोकून बघायचं, भद्द आवाज आला की जागा बदलायची. उन्हाळ्यात डांबरावर तर पाय रुततातच. प्रत्येक घोडीखाली प्लायचा ठोकळा, फरशी चांगली असली तरी.

विटा, सिमेंटचे ब्लॉक, सायपोरेक्सचे हलके ब्लॉक यांवर गाडी कधीही ठेवायची नाही. हे पदार्थ पसरलेला भार झेलतात. एका टोकावर भार आला की कुरकुर न करता एकदम फुटतात.

पुढची बाजू

चाकाचे नट १९ च्या पान्याने अर्धा फेरा सैल केले, गाडी खाली असतानाच. पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके. जॅकच्या वाटीवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या भागावर, २५ मिमी रबर.

पाळी १२१ मिमी वर जायला हवी. गाडी मागच्या चाकांवर फिरते, म्हणून मधली जागा त्यापेक्षा जास्त, सुमारे १४९ मिमी, उचलावी लागते. २१९ अधिक १४९ म्हणजे ३६८, रबराचे २५ वजा केले की वाटी ३४३ वर. जॅकच्या हातात ३७ मिमी शिल्लक राहिले. पायऱ्यांशिवाय हेच गणित करून पाहा, वाटी ३५५ वर जाते आणि जेमतेम २५ मिमी उरतात.

ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. त्यामुळे उचलताना जॅकने स्वतः सरकलं पाहिजे. तो सरकत नसेल तर वाटी गाडीखालून सरकते. दर पाच-सहा पंपांनी थांबून जॅकच्या चाकांकडे बघायचं.

घोडीवर ४० मिमी जाड रबरी ठोकळा, त्यात २० मिमी खोल खाच. पाळी खाचेत बसते, भार बाजूच्या सपाट पत्र्यावरही वाटला जातो. खाच नसेल तर पाळी मुडपते, तिथला रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात गंज आत शिरतो. घोडीचा दात पूर्ण बसला का हे दांडी वर-खाली हलवून पाहायचं, पिन असेल तर पिन घालायची. मग जॅक हळूहळू सोडायचा. घोडीवरचा टनांचा आकडा एका घोडीचा आहे की जोडीचा, हे लेबलवर वाचायचं.

मागची बाजू

सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. मागची चाकं सुटली की हँडब्रेक संपला, पुढची आधीच हवेत असल्यामुळे गिअरही संपला, गुटके निरुपयोगी. गाडी दोन घोड्या आणि चाकांवरच्या एका जॅकवर उभी असते. म्हणून घाई अजिबात नाही. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने लांबून फक्त पुढच्या घोड्यांचे पाय बघायचे. एक पाय जरी ठोकळ्यावरून उचलला गेला तरी जॅक सोडून गाडी खाली, आणि जॅकची जागा दुरुस्त करून पुन्हा. या वेळी गाडीखाली कुणाचा हातही नको.

मागच्या घोड्याही पुढच्याच दातावर. लेव्हल दाराच्या उंबऱ्यावर ठेवून तपासली, जमिनीचा उतार घोडीखाली प्लायची एक जादा पट्टी देऊन काढला. मग धक्का चाचणी: बाजूने दोन्ही हातांनी जोर लावून गाडी हलवायची. पडायचीच असेल तर ती आता पडू दे. काढलेली चाकं रनिंग बोर्डखाली आडवी सरकवली आणि जॅक मध्ये नुसता टेकवून ठेवला.

काम

गिअरबॉक्सचा भरण्याचा बोल्ट आधी उघडायचा, रिकामा करण्याचा नंतर. उलट केलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर कोरड्या गिअरबॉक्सची गाडी घोड्यांवर अडकते. भरताना भोकातून ऑइल ओघळायला लागलं की थांबायचं. इंजिनचा ड्रेन बोल्ट १७ चा, वायसर दर वेळी नवा, ३९ न्यूटन-मीटर. फिल्टरसह ऑइल ३.७ लिटर. जाम झालेल्या बोल्टला पाय लावून झटके देऊ नयेत, लांब दांडीने सावकाश जोर द्यावा. तो झटका घोड्यांनाही बसतो.

लटकलेल्या अवस्थेत प्रत्येक स्प्रिंग हाताने फिरवून पाहिली. इथे चारही घट्ट आहेत. कापलेली स्प्रिंग असेल तर ती अशा वेळी सैल होऊन बैठकीतून सरकते आणि गाडी उतरताना वाकडी बसते.

उतरवणे

उलट क्रमाने, आधी मागची बाजू. जॅकचा वाल्व्ह पाव फेऱ्याहून जास्त उघडायचा नाही. नट चांदणीच्या क्रमाने, चाकं पायऱ्यांवर टेकल्यावर १०८ न्यूटन-मीटर. उतरल्यावर गाडी उंच दिसते, कारण टायर आत ओढलेले असतात. तीन-चार मीटर पुढे-मागे केल्याशिवाय उंची मोजू नये.

बाकी: ८० किमीनंतर नट पुन्हा तपासणे. मागच्या डाव्या ठोकळ्याची खाच २ मिमीने रुंद करणे, पाळीवरचं अंडरकोटिंग तिथे जाड असल्यामुळे ती पूर्ण आत गेली नव्हती. पुढचा उजवा लोअर आर्म बुश मागच्या कडेला चिरलेला आहे, नवा आला की पुढची नोंद.