पन्हाळ्याचा उतार आणि उद्यमनगरची पंचवीसची केबल

कोल्हापूरला जाताना आमच्या मनात अंबाबाईचे दर्शन, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढाच बेत होता. प्रत्यक्षात मुक्कामातला सर्वांत चांगला दिवस शिवाजी उद्यमनगरातल्या एका गल्लीत, लेथच्या आवाजात, आमच्याच गाडीच्या पोटाखाली डोकावण्यात गेला. त्याची मला अजिबात तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या गॅरेजने या गाडीला विजेवर चालणारे जॅक बसवून दिले त्याच्याविषयी, आणि ती सविस्तर मांडल्यावाचून मला चैन पडणार नाही.

आमची गाडी म्हणजे मूळची प्रवासी ट्रॅव्हलर; आसने काढून त्यांच्या जागी पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. अशा गाडीत राहणाऱ्याला रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा मुक्कामाच्या जागेचा उतार अधिक छळतो. डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत झोप लागत नाही, बेसिनमधले पाणी भलत्याच कोपऱ्यात साचते आणि कढईतले तेल एका कडेला जाऊन फोडणी अर्धी करपते. यावर उपाय म्हणून चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, चार कोपऱ्यांना चार जॅक बसवतात. प्रत्येकात १२ व्होल्टची मोटर असते, ती गिअरमधून एक जाड स्क्रू फिरवते आणि बटण दाबले की जॅकचा पाय खाली उतरून गाडीचा तो कोपरा उचलला जातो. स्क्रूचे आटे असे असतात की वरून भार आला तरी तो आपण होऊन उलटा फिरत नाही. त्यामुळे एकदा सपाट झालेली गाडी रात्रभर तशीच राहते आणि त्यासाठी वीज खर्च होत नाही.

हे सगळे व्हायला हवे होते. पन्हाळ्यावर एका निवासाच्या अंगणात, मालकांच्या परवानगीने, आम्ही संध्याकाळी गाडी लावली. पुढचे दोन्ही जॅक कुरकुरत का होईना, उतरले. मागचा उजवा मात्र जमिनीला टेकला, कण्हला, गाडी जेमतेम दोन बोटे वर गेली आणि थांबला; आतले दिवे मिणमिणले आणि गाडीखालून रंग जळाल्याचा वास आला. बसवून देणाऱ्याला फोन लावला, तर त्याने ‘गाडीत सामान जास्त भरलंय, मोटर गेली असणार’ असे निदान बसल्या जागी केले आणि त्याच दमात नव्या मोटरचा भाव सांगितला. रात्र उतारावरच काढली. सकाळी धुक्यात तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहिली, पण माझे लक्ष गाडीत होते.

निवासाच्या मालकांनी उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. वाघबिळाच्या रस्त्याने खाली उतरून, शहरातली गर्दी चुकवत आम्ही तिथे पोहोचलो. ओतकामाचे कच्चे भाग दारात रचलेली वर्कशॉपे, कूलंटचा वास आणि एवढी लांब गाडी गल्लीत घेताना रागावण्याऐवजी हाताने दिशा दाखवणारे लोक, हे सारे मला देवळाजवळच्या पार्किंगच्या हालांनंतर फारच सुखाचे वाटले.

मिस्त्रींनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “मोटर गेली म्हणून सांगितलं ते कळलं. पण मोजलं का त्यानं?”

कोणीच मोजले नव्हते. त्यांनी जॅकखाली जाड लाकडी ठोकळा सरकवला, म्हणजे मोटरवर खरा भार येईल, आणि पोऱ्याला बटणावर बसवले. वायरवर करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला, तर तो ४० अँपिअरच्या आसपास दाखवत होता. भार उचलणाऱ्या मोटरला यात वावगे काही नव्हते. मग व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर घेऊन ते गाडीखाली गेले. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट, मोटरच्या टोकांवर ९.९. अडीच व्होल्ट वाटेत कुठे तरी गळत होते. मला वाटले, शोध संपला. त्यांच्या मते तो आत्ता सुरू झाला होता. त्यांनी एक लांब वायर जोडून मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटरच्या ऋण टोकावर टेकवली. ही दोन्ही टोके एकच समजायची, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ हवा. मीटर १.४ दाखवत होता.

“हितं बघा की, साहेब,” असे म्हणून त्यांनी टॉर्चच्या उजेडात चासीवरचा एक बोल्ट दाखवला. जॅकची अर्थ वायर, म्हणजे चासीमार्गे वीज बॅटरीकडे परत नेणारी ऋण वायर, त्या बोल्टखाली आवळली होती, पण चासीचा काळा रंग न खरवडता, वीज अडवणाऱ्या त्या रंगावरच. बोल्टभोवती रंगाला फोड आले होते आणि वायरच्या टोकाचे धातूचे थिंबल निळसर पडले होते. १.४ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे ५६ वॉटची उष्णता एका बोल्टपाशी. वास कुठून येत होता ते मला त्या क्षणी कळले. उरलेले १.१ व्होल्ट धन बाजूच्या वायरीत जात होते, कारण सहा मीटर अंतरासाठी ४ स्क्वेअर एमएम छेदाची, म्हणजे फारच बारीक, वायर ओढली होती, तीही आतल्या दिव्यांच्याच फ्यूज बॉक्समधून, आणि वरून छानशी जाळीदार स्लीव्ह चढवून. ती स्लीव्ह पाहून गाडी ताब्यात घेताना आम्ही कामाच्या सफाईचे कौतुक केले होते, याचा मला आजही राग येतो.

मी विचारले की व्होल्टेज कमी पडल्याने मोटर जास्त करंट ओढून जळाली असती का. मिस्त्री म्हणाले, “ही डीसी मोटर हाय. वजन तेवढंच, तर करंट बी तेवढाच. फक्त फिरायची हळू. पण हळू फिरली की जास्त वेळ तापायची, मग मरायची.” इतके नेमके उत्तर मला आजवर कोणत्याही शोरूममध्ये मिळालेले नाही.

त्यांनी सगळे वायरिंग नव्याने केले. २५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल आणली. ती मऊ असते, चासीच्या वळणांतून सहज जाते. बाजारात दिसायला तशीच पण ॲल्युमिनियमची केबलही मिळते, म्हणून पैसे देण्याआधी त्यांनी टोकाची तार ब्लेडने खरवडून लाल तांबे दिसते का ते पाहिले. धन आणि ऋण दोन्ही बाजूंना स्वतंत्र केबल टाकली, चासीच्या भरवशावर काही ठेवले नाही. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर घातला, कारण त्याच्या अलीकडची वायर कुठे घासून चासीला टेकली तर तिला वाचवणारे कोणी नसते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकात वायर घासू नये म्हणून रबरी कडे (ग्रोमेट), सायलेन्सरपासून हातभर अंतर. मग त्यांनी असे काही विचारले, जे बसवणाऱ्याने विचारायला हवे होते: “जॅक खाली ऱ्हायला आणि तुम्ही गाडी काढली, तर?” त्याला काहीच आडकाठी नव्हती. त्यांनी हँडब्रेक ओढलेला असेल तरच जॅकच्या रिलेंना, म्हणजे मोटर चालू करणाऱ्या स्विचांना, वीज मिळेल अशी जोडणी केली आणि जॅक पूर्ण वर गेलेला नसताना चावी फिरवली की वाजेल असा बझर बसवला. पुन्हा मोजले तेव्हा मोटरवर १२ व्होल्ट होते. जुनीच मोटर, तोच ठोकळा, आणि जॅकने न कण्हता गाडी उचलली.

दुपारी काम अर्धे असताना मिस्त्रींच्या घरून डबा आला तो आमच्यासाठीही. “वैनी, जेवल्याबिगर काम फुडं न्हाई सरकायचं,” असा दम माझ्या पत्नीला भरला गेला. शहरातल्या नावाजलेल्या खानावळीत रांगेत उभे राहून जेवलेल्या थाळीपेक्षा तो मटणाचा रस्सा मला उजवा वाटला. माझे मत त्या दिवशी निःपक्षपाती नव्हते हेही खरे. एकूण बिलात केबलच्या तांब्याचे पैसे मजुरीच्या तिप्पट होते, आणि कोणतीही नवी मोटर नव्हती.

त्यानंतर आंबोली आणि सावंतवाडी पाहून झाली. दोन्ही ठिकाणी पाऊस. जॅक निमूटपणे चालले, पण भिजलेल्या तांबड्या मातीत मागचा पाय रुतत गेला आणि पहाटेपर्यंत गाडी पुन्हा कलली. याला वायरिंग काय करणार? परतताना पुन्हा उद्यमनगरात थांबून पायांखाली घालायला फूटभर चौरस, ८ मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी प्लेटा कापून घेतल्या. चारींचे वजन तेवीस किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे पलंगाखाली आता त्या प्लेटा राहणार की माझी पुस्तकांची पेटी, यावर घरात वाद चालू आहे आणि पेटीच्या बाजूने सध्या मी एकटाच आहे.