लाल माठ उपाशी राहतो का?

रविवारी जांभळी नाक्यावरून लाल माठाच्या दोन जुड्या आणल्या, लेक शेजारी बसून पानं खुडत होती आणि मधेच म्हणाली, आई, झाड हिरव्या पानात अन्न बनवतं ना, मग हा लाल माठ उपाशी राहतो का? काय सुंदर प्रश्न आहे हा! मी उत्तर दिलंच नाही, मूठभर पानं उकळत्या पाण्यात टाकली आणि तिला बघत बस म्हटलं. थोड्या वेळात पाणी गडद गुलाबी झालं आणि पानं हिरवट. "अगं ही हिरवीच आहेत की!" लेक ओरडली.

तर माठाचा लाल रंग म्हणजे बीटालेन, बीटात असतो त्याच जातीचा, तो पाण्यात विरघळतो म्हणून पेशी फुटल्या की बाहेर येतो. क्लोरोफिल म्हणजे आपलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या बारीक हिरव्या कणांत बसलेलं असतं, लाल रंगामागे लपून त्याचं काम चालूच असतं. उन्हातला निळा आणि लाल प्रकाश ते जास्त शोषतं, हिरवा त्यामानाने कमी, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. शोषलेल्या ऊर्जेवर पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि पाण्यातल्या हायड्रोजनच्या जोरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर बनते. मला यात सगळ्यात भारी हे वाटतं की झाड सोडतं तो ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नाही. कित्येक वर्षं लोक उलटं समजत होते, 1941 मध्ये रुबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांच्या टीमने जड ऑक्सिजनवालं पाणी (म्हणजे ज्यातल्या ऑक्सिजनचे अणू नेहमीपेक्षा जड असतात, म्हणून ओळखू येतात) वापरून हे दाखवलं.

गाजरातलं कॅरोटीन पण पानात असतं बरं का, क्लोरोफिल घेत नाही तो थोडा प्रकाश पकडून त्याला देतं आणि ऊन फार झालं तर त्याला सांभाळतं. खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंगही याच कुटुंबातल्या रंगद्रव्यांचा, शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन अंगात आलेला.

मग आईची आठवण आली, ती पालेभाजीवर कधीच झाकण ठेवू द्यायची नाही, रंग जातो म्हणायची. अगदी बरोबर! क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, शिजताना पानातली आम्लं सुटतात आणि त्याला हुसकावून लावतात की हिरवा रंग मळकट होतो, झाकण नसलं की त्यातली काही आम्लं वाफेबरोबर निघून जातात. अळूच्या फतफत्यात चिंच पडल्यावर जो खाकी रंग येतो ना, तो पण ह्यामुळेच.