नावं काढलेली फाइल

हवामान सांगणाऱ्या एका ॲपची लोकेशनची फाइल विक्रीला निघण्याआधी माझ्याकडे तपासायला आली. सोबतच्या पत्रात ‘पूर्ण निनावी’ असा शेरा होता. रकाने चारच: फोन नंबरचा हॅश (म्हणजे नंबरावरून ठरावीक गणिताने काढलेला सांकेतिक आकडा), अक्षांश, रेखांश, वेळ.

आधी हॅश पाहिला. हॅशवरून नंबर उलगडत नाही हे खरं, पण उलगडायची गरजच नसते. दहा अंकी नंबर जास्तीत जास्त १,००० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून ताडून बघणं हे साध्या ग्राफिक्स कार्डावर मिनिटांचं काम आहे.

हॅशच्या जागी मनाला येईल तो आकडा घातला तरी एका फोनचा माग सलग राहतोच. रात्री अकरा ते पहाटे पाच फोन जिथे थांबतो ते घर, दिवसा थांबतो ते कामाचं ठिकाण. फाइलमधल्या अक्षांश-रेखांशांत दशांशानंतर चार आकडे होते, म्हणजे साधारण ११ मीटर. इतक्यात इमारत कळते. २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या नोंदी टॉवरच्या आणि तासाच्या हिशेबाने, म्हणजे पुष्कळ ढोबळ होत्या. तरीही जागा आणि वेळ यांच्या चार जोड्यांवरून ९५ टक्के लोकांचा माग वेगळा काढता आला.

एका फोनपाशी मी थबकले. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस केंद्र. एरवी संध्याकाळी कामगार संघटनेचं कार्यालय. आजार आणि संघटना, दोन्ही मालकाच्या हाती लागू शकतील अशा. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम १७ खासगीपणाचं, तर कलम २२ संघटनेचं. या माणसाने परवानगी दिली होती ती फक्त पाऊस कळावा म्हणून!

दशांश दोनवर आणले की जागा किलोमीटरभर ढोबळ होते, पण विरळ वस्तीत तेवढ्यात एकच घर असतं. म्हणून ज्या चौकोनात दहापेक्षा कमी फोन, तो चौकोन वगळायचा. वेळ तासावर आणायची. फोनचा क्रमांक रोज बदलायचा. एवढं केल्यावर फाइलला किंमत राहत नाही, अशी कंपनीची तक्रार. माझ्या मते तीच खरी कबुली होती.

अहवालात विक्री थांबवा असं लिहिलं. पावसाच्या अंदाजाला शहर पुरतं, तेव्हा लोकेशन फोनमध्येच ढोबळ करून मग पाठवा. मूळ नोंदी पुसताना बॅकअपही पुसा, आणि खरेदीदाराकडे नमुना म्हणून गेलेली प्रत नष्ट झाल्याचं लेखी घ्या. ही प्रत बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.