पायताणांच्या गावातले गमबूट

साऱ्या जगात ज्या गावाच्या चपलांचं नाव आहे, त्या कोल्हापूरकडे स्वतःच्या पावसासाठी म्हणून एकही पायताण नाही. मृगाचा पाऊस लागला की कोल्हापुरी पायताणांवर तेलाचा हात फिरवायचा, जुन्या सुती कापडात गुंडाळायची आणि माळ्यावर टाकायची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं, पाणी दिसलं की पीतच सुटतं. तळ फुगतो, दोन दिवस ओलं राहिलं की पांढरी बुरशी धरते. खिळा नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची, ही त्याची शान. पण पावसात त्यातला एकेक टाका पाण्याला वाट करून देतो. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. एवढं पाणी आल्यावर पायात काय घालायचं, हा प्रश्नच उरत नाही म्हणा.

एरवीच्या पावसाला मात्र गमबूट. अखंड साच्यातला, ना टाका ना सांधा, त्यामुळे घोट्यापर्यंतच्या पाण्यात बिनघोर चालावं. घेताना तो वाकवून बघावा, असं माझं ठाम मत आहे. स्वस्तातला प्लास्टिकचा बूट गारठ्यात कडक होतो आणि नेमका बोटांपाशी, जिथं पाय दुमडतो तिथं चिरतो. रबराचा जड असतो, पण थंडीतही मऊ राहतो. आणि एक नंबर मोठाच घ्यावा, जाड मोजा मावला पाहिजे.

एवढं करूनही संध्याकाळी मोजा ओलाच निघतो. बाहेरचा थेंबही आत गेलेला नसतो; हे सगळं आपल्याच पायाचं पाणी. घामाला जायला जागा कुठाय? आठवडाभर असंच चाललं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि मग माणूस कट्ट्यावर बसून कोणाचं लक्ष नाही असं बघून बोटं खाजवत राहतो.

यावर अमेरिकेत बॉब गोर यांना 1969 मध्ये उपाय सापडला. टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ त्यांनी झटक्यात ताणला, तेव्हा त्यात इतकी बारीक छिद्रं पडली की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफ बाहेर जाते. ट्रेकिंगचे महागडे बूट असल्याच पडद्याचे असतात. हौसेनं असा जोड पायात घालून मी जुलैत गगनबावड्याला गेलो. तिथं पाऊस आडवा येतो, वाऱ्यानं कानशिलं बधिर होतात, आणि ढग तर थेट रस्त्यावरच उतरलेले. पाणी आत आलं नाही, हे खरं. पण बाहेरची हवाच ओलीचिंब असली की आतल्या वाफेचा बाहेर पडायचा जोर मंदावतो. गारठ्यात खरं काम केलं ते लोकरीच्या मोज्यानं. तो दमट झाला तरी ऊब सोडत नाही.

रस्त्याकडेला भाताची रोपलावण चालली होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय अनवाणी. लावणीच्या चिखलात बूट घालून उतरलं तर पाय वर येतो, बूट तिथंच राहतो. माझ्या पायांकडं बघून एक मावशी म्हणाल्या, "आमचा पाय धुतला की वाळतोय. तुमचा ह्यो बूट कवा वाळायचा?"

प्रश्न बिनतोड होता. चुलीपाशी किंवा हिटरसमोर ठेवला तर बुटाचा डिंक सुटतो, उन्हात ठेवावा तर ऊन नाही. मग आतला तळवा बाहेर काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते ओले झाले की काढून नवे कोंबायचे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरातली रद्दी विकली जात नाही.